अक्कांच्या हौदातले पाव्हणे

दुकानाच्या वेळेत आमचे हे कधी जिना चढून वर येत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत खाली आमचं भुसारी दुकान आणि वर घर. सकाळी आठला गादीवर बसलेला माणूस दीडला जेवायलाच उठणार, मध्ये आभाळ कोसळलं तरी नाही, हा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी अकराच्या सुमाराला जिन्यावर त्यांची पावलं वाजली तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. ते दारात उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कळंब्याहून शालनचा फोन आला होता," म्हणाले, "अक्का गेली." मी शेंगदाणे हलवत राहिले. करपल्याचा वास सुटला तेव्हा ह्यांनीच पुढं होऊन गॅस बंद केला.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. पौषातली थंडी होती. सकाळी नेहमीसारखे त्यांच्या फुलशेतीच्या पॉलिहाउसचे पडदे गुंडाळून वर केले, हौदाशेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि तिथंच गेल्या. शालन त्यांच्याकडं नऊ-दहा वर्षं कामाला. तिला वाटलं, बाईंचा डोळा लागला असेल, म्हणून अर्धा तास ती पाय न वाजवता फुलं काढत होती. आमच्यात दहन करत नाहीत, समाधी देतात. कपाळभर विभूती लावून, बसवून अक्कांना निरोप दिला तेव्हा शालननं पॉलिहाउसमधला उमललेला एकूण एक जरबेरा पाटीत भरून आणला होता. घाईघाईत तिनं सगळी फुलं विळ्यानं कापली होती. जरबेरा कापायचा नसतो, बुडाशी धरून पिळून काढायचा असतो, नाहीतर राहिलेला देठ कुजतो... अक्का असत्या तर तिथल्या तिथं तिची शाळा घेतली असती. मला त्या गर्दीतही तेच सुचलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.

याला आता सव्वा महिना झाला. अक्कांवर लिहायचं तर त्यांच्या शाळेतल्या नोकरीवर लिहावं, त्यांच्या करारी स्वभावावर लिहावं, असं चारजण सुचवतात. ते लिहिणारे त्यांचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. अक्कांशी मी एकदा खोटं बोलले होते, आणि ते त्यांना कळलं नाही अशा समजुतीत पाच वर्षं मजेत राहिले. त्याबद्दल त्यांच्यापाशी तोंड उघडायचं राहून गेलं. आता निदान चार लोकांत तरी उघडावं.

अक्का कोडोलीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला त्यांचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावर पेठेत आमच्याकडं येऊन राहतील असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. पण यजमानांची कळंब्याला वीस गुंठ्यांची जागा होती, तिथं दोन खोल्या बांधून त्या एकट्या राहायला गेल्या. मला मनातून राग आला. माझ्या हातची स्वच्छता यांना टोचते की काय, असं वाटलं. यात थोडं तथ्य असावं. मी जरा जास्तच धूतपूस करणारी बाई आहे, हे आमच्या पेठेत शेंबडं पोरही सांगेल. दाराची कडीसुद्धा मी चिंचेनं घासते. अक्का म्हणायच्या, "कमल, तुझ्या घरात मुंगी आली तर तिचासुद्धा पाय घसरंल गं."

तर वर्षभरात कळंब्याला दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस उभं राहिलं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पांढुरका प्लॅस्टिकचा कागद, बाजूंना हँडल फिरवून वरखाली होणारे पडदे, आत तांबड्या मातीच्या वाफ्यांवर जरबेऱ्याची रोपं. साठीची विधवा शिक्षिका हे काय घेऊन बसली, म्हणून भाऊबंदांत बरीच कुजबुज झाली. अक्कांनी कानांना पदर बांधला. लाइटचा भरवसा नाही, म्हणून रोपांना पाणी द्यायला पॉलिहाउसच्या आतच त्यांनी सिमेंटचा छातीइतका खोल हौद बांधून घेतला. तिथंच या सगळ्याची सुरुवात झाली. आतली ऊब आणि साठलेलं पाणी, डास झाले नसते तरच नवल. पहिल्याच पावसाळ्यात आरोग्य खात्याची बाई तपासायला आली. तिनं हौदात बॅटरी मारली आणि पिशवीतून मूठभर गप्पी मासे सोडून गेली. ते डासांच्या अळ्या खातात. पंधरा दिवसांत डास गेले, आणि अक्कांना मात्र माशांचा नाद लागला. पुढं कोडोलीचा त्यांचा एक जुना विद्यार्थी, शेततळ्यात मासे करणारा, रोहूची बोटाएवढी पिल्लं देऊन गेला. त्यातली अकरा जगली आणि बघता बघता वीतभर, मग हातभर झाली.

आता, आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. आमच्या ह्यांनी हौदात डोकावून पहिला प्रश्न केला तो म्हणजे, "अक्का, हे कशाला?" आणि जो दुसरा कुणी यायचा, फुलांचा व्यापारी म्हणा, पंप दुरुस्त करणारा म्हणा, तो हौदाकडं बघून हमखास विचारायचा, "बाई, रस्सा कवा मग?" कोल्हापूरकराला मासा पोहताना दिसतच नाही, ताटलीतच दिसतो. अक्का न चिडता सांगायच्या, "पोटात घालायला नव्हं, पोट भरायला ठेवल्यात." म्हणजे त्यांचं पोट भरायचं आपण. रोज सकाळी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून त्याचे गोळे घालायच्या. माशांनी घाण केलेलं पाणी जरबेऱ्याला खत म्हणून चालायचं. ते नळ्यांत अडकू नये म्हणून तोटीला जुन्या लुगड्याचा पदर दुहेरी करून बांधलेला. परदेशात म्हणे अशा काचेच्या घरांना थंडीत आतून ऊब देतात. अक्कांच्या पॉलिहाउसला ऊब ती सूर्याचीच. थंडीत मासे तळाला जाऊन गप्प पडायचे, खाणंही टाकायचे. हौदात एक थर्मामीटर दोरीनं सोडलेला असे आणि भिंतीवर शाळेतली पाटी टांगलेली; तिच्यावर रोज सकाळी पाण्याचं तापमान सुवाच्य अक्षरात. "दिवसभर हे पाणी ऊन पितंय आणि रातभर थोडं थोडं सोडतंय," त्या मला समजावून सांगायच्या, "हौद हीच माझी शेगडी. रोपंपण शेकतात, मासेपण." मी हो हो म्हणायचे. माझं लक्ष हौदाच्या हिरव्यागार शेवाळलेल्या भिंतींकडं असायचं. हाताला शिवशिव सुटायची अगदी.

मुंगीबद्दल त्या बोलल्या ते थट्टेत, पण स्वतः त्या खरोखरच मुंगी मारत नसत. गोगलगायी पानावर उचलून कुंपणाबाहेर सोडायच्या. एकदा मी मुद्दाम डिवचलं, "अक्का, ते पिवळे चिकट कागद टांगलेत त्यांच्यावर किडे मरतातच की. त्याचं पाप कुठं लिहायचं?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याच नावावर. पण त्यांना मी बोलवलं नव्हतं. माशांना बोलवलंय. बोलवून आणलेल्याचं निराळं असतं." मला तेव्हा हा शिक्षकी वळणाचा वाद वाटला होता.

दोन हजार दोन सालची गोष्ट. अक्कांचं पित्ताशयाचं दुखणं वाढलं आणि मिरजेला ऑपरेशन ठरलं. बारा-तेरा दिवस तरी लागणार होते. नेमके पितृपक्षाचे दिवस, शालन म्हाळासाठी माहेरी गेलेली. पॉलिहाउस मी बघेन म्हणून मीच पुढाकार घेतला. अक्कांनी वहीच्या कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पडदे किती वाजता उघडायचे, किती वाजता पाडायचे, माशांना पेंडेचे किती गोळे... हौद धुवायचा नाही असं त्यात कुठं लिहिलं नव्हतं. कोण लिहील? आणि आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं चिरगूट न् चिरगूट, भांडं न् भांडं धुऊन काढायचं. अंथरुणं-पांघरुणं पाण्याला न्यायची, डबे घासायचे, माळे झाडायचे. पेठेतला माझा दसरा काढून झाला होता आणि हात थांबायला तयार नव्हते. अक्का दवाखान्यातून दमून येतील, त्यांचा दसरा कोण काढणार? मी पेठेतल्या ओळखीच्या दोन बायका रिक्षात घातल्या आणि कळंब्याला गेले.

दोन खोल्या झाल्या, पडदे पुसून झाले, मग हौद. मासे पाट्यांनी काढून पाण्याच्या पिंपांत ठेवले. गप्पी एका बादलीत. हौद उपसला. आम्ही तिघींनी आत उतरून काथ्यानं भिंती घासल्या. शेवाळ निघेना तेव्हा ब्लीचिंग पावडर लावली, दोनदा पाणी मारलं, आणि बोअरचं थंडगार ताजं पाणी वरपर्यंत भरलं. खोटं कशाला सांगू, तळाची फरशी लख्ख दिसायला लागली तेव्हा मला धन्य वाटलं. रोहू त्या स्वच्छ पाण्यात सोडले. गप्पी राहिले बादलीतच, आम्ही दमलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे उघडायला गेले, तर अकराच्या अकरा पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

मी हौदाच्या कठड्याला धरून उभी राहिले. हे मी केलं होतं, या हातांनी. अक्कांनी बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले ते जीव... आणि पहिला विचार मनात आला तो त्यांच्याबद्दलचा नव्हता, हे आज लिहिताना लाज वाटते. पहिला विचार आला, अक्का काय म्हणतील. नणंदेपुढं माझी नाचक्की होणार, तीही स्वच्छतेवरून! मासे मी चिंचेच्या झाडाखाली पुरले. ह्यांनाही सांगितलं नाही. तीन-चार दिवस हौदातलं पाणी सोडून सोडून बदललं आणि मग सकाळी कळंब्याच्या तळ्याच्या बांधावर गेले. तिथं एकजण पाट्या मांडून मासे विकत बसायचा. जन्मात कधी मासेवाल्याच्या पुढ्यात उभी न राहिलेली मी, नाकाला पदर लावून म्हणाले, "जिवंत मासे आहेत का हो?"

"जित्तं पायजेत व्हय वैनी? मग ही मरळच घ्या की. बाकीचं समदं गार झाल्यात." त्यानं झाकणाची बादली पुढं ओढली. आत काळपट, लांबोळके सहा मासे वळवळत होते. "रस्सा असा हुतोय..."

"रस्सा नको. पाळायचेत."

"पाळायचं? मरळ?" तो हसायला लागला. "अवो वैनी, ह्यो मासा पाळायचा न्हवं. ह्यो कसा हाय, तुमास्नी सांगतो..."

"तुम्ही द्या हो, जास्त बोलू नका," मी त्याला तोडलं. तो मला काय सांगणार होता ते ऐकून घेतलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला माशामाशांत फरक असतो हेच मुळी ठाऊक नव्हतं. शेपूट आहे, खवले आहेत, पाण्यात राहतो. मासा तो मासा, आणि हौदाच्या पाण्यात सगळे काळेच दिसणार. सहाच्या सहा आणले, हौदात सोडले, वरून बादलीतले गप्पीही सोडले. चार दिवसांनी मिरजेला अक्कांना आणायला गेले तेव्हा गाडीत सांगून टाकलं, "अक्का, मध्ये दोन दिवस लाइट नव्हती, पाच मासे गेले हो. सहा आहेत."

कळंब्याला उतरताच अक्का पोटावर हात धरून हौदापाशी गेल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मी मागं उभी. मग सरळ होऊन माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वाढले की गं." एवढंच. पाटीवर त्या दिवसाचं तापमान लिहिलं आणि आत जाऊन पडल्या. मी सुटकेचा श्वास टाकला. केवढी हुशार मी! वर माहेरी गडहिंग्लजला गेले तेव्हा बहिणींना ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली, नणंदेला कशी बनवली म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतरची पाच वर्षं अक्का माझ्या लेखी जरा भोळसट बाई झाल्या होत्या, हे मला कबूल केलंच पाहिजे. तीस-पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि स्वतःचे मासे ओळखता येईनात!

बघायला गेलं तर खुणा पुष्कळ होत्या. हौदावर जाळी आली. विचारलं तर म्हणाल्या, उड्या मारतात. गप्पी दिसेनासे झाले आणि पुढं वेगळ्या कुंडीत दिसले. आधी मी गेले की पेंडेचा गोळा माझ्या हातात ठेवून "टाक" म्हणायच्या, आता मी विचारलं, तर "सकाळीच घातलंय." त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं असताना त्यांनी सोमवार धरले. दिवसभर निर्जळी. मी वैतागून म्हटलं, "या वयात सोमवार कुणासाठी धरता हो?" म्हणाल्या, "पोटासाठी." मला वाटलं, डॉक्टरनं हलकं खायला सांगितलं असेल... माणूस एकदा स्वतःला हुशार समजायला लागलं की त्याला डोळ्यांपुढचं दिसत नाही.

त्या गेल्यावर आठ दिवसांनी मी कळंब्याला गेले, घर आवरायला. आवरण्यासारखं फार काही नव्हतं. दोन लुगडी, पुस्तकं, इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. शालन पॉलिहाउसमध्ये होती. मी सहज म्हटलं, "शालन, माशांना पेंड घातलीस का गं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "पेंड कुठली, वैनी? पेंड ह्यास्नी चालती व्हय?" आणि मग तिच्याकडून मला सगळं कळलं.

ती माहेराहून परत आली तेव्हा अक्कांना मिरजेहून येऊन आठवडा झाला होता. मरळ मासा जिवंत भक्ष्यावर जगतो. गप्पी त्यानं तीन दिवसांत जवळजवळ फस्त केले होते. चार-पाच उरलेले अक्कांनी गाळणीनं काढून कुंडीत ठेवले. सहा मासे उपाशी तडफडत होते. अक्कांनी पेंड घालून बघितली, चपाती कुस्करून बघितली, भिजवलेली डाळ, खव्याचे गोळे... कशाला म्हणून शिवेनात. शालन म्हणाली, "मी सांगितलं त्यास्नी, अक्का, तळ्यात सोडून येऊ की. तर म्हणाल्या, न्हाय. उद्या कमल ईल. हौद रिकामा बघंल. मग तिला कळंल, मला कळलंय म्हणून. बिचारी एवढ्या खटपटीनं नाक धरून मासं घिऊन आली, तिला तोंड दाखवायला जड जाईल. ऱ्हाऊ देत."

मी कठड्यावर बसले. शालन वाफ्यातलं तण काढता काढता सांगत होती, जसं काही रोजचंच. मागं गांडूळखताचा खड्डा होता, फुलांसाठी. शालन परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का त्या खड्ड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शालननं ओळखलं आणि म्हणाली, "तुमी घरात जावा. मी टाकते. आमास्नी काय, आमी खातोय मासं-मटण." अक्का म्हणाल्या, "खाणारं माझ्या हौदातलं, आणि मारायचं पाप तुझ्या हातावर? ते न्हाय चालायचं." आणि त्यांनी स्वतः खतात हात घातला. आयुष्यात मुंगी न मारलेल्या बाईनं. पहिल्या दिवशी तर गांडुळं टाकून झाल्यावर त्या मोरीपाशी जाऊन ओकल्या, ऑपरेशनचे टाके ओले असताना. तेव्हापासून रोज, पाच वर्षं. सोमवारी मात्र काही टाकायच्या नाहीत. मासे उपाशी, म्हणून त्याही उपाशी. "म्हणायच्या," शालन हसली, "ह्ये कमलचं पावणं हैत, शालन. पाव्हण्याचं खाणं आपल्याला पटंना म्हणून त्याला उपाशी लावायचं असतं व्हय?"

मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला, रडू नंतर. अहो अक्का, एक शब्द टाकायचा होता! रागवायचं, ओरडायचं, चार माणसांत माझं हसं करायचं. मी रुसले असते, चार महिने आले नसते, मग आले असते. नणंदा-भावजयांत एवढं चालतंच. त्यापेक्षा हे काय करून ठेवलंत? माझी लाज राखायला तुम्ही स्वतःचा धर्म मोडलात आणि मी माहेरी बसून तुमच्यावर हसत होते. हे मी कुठं नेऊन धुऊ? मी रडत होते आणि शालन बिचारी घाबरून तांब्याभर पाणी घेऊन उभी होती. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.

सहातले दोन उरले होते. एक मागं उडी मारून बाहेर पडला, तीन आपल्या मरणानं गेले. दुपारची उन्हं वरच्या कागदातून दुधासारखी खाली उतरली होती, आणि ते दोघं मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेत होते. पाण्यावर बारीक डुब्ब असा आवाज व्हायचा. आमचे हे म्हणत होते की जागा सध्या शालनला चालवायला द्यावी, आणि मासे तळ्यात सोडावेत. सोडले असते तर बांधावरच्या त्याच माणसाच्या जाळ्यात गेले असते. मी शालनला विचारलं, "आज घातलंस?"

"घालायचंच हाय. मी घालते की, तुमी बसा."

"नको," मी म्हटलं, "मी आणलेत ते."

ती मला खड्ड्यापाशी घेऊन गेली. काळंभोर, ओलं खत. दाराची कडी चिंचेनं घासणारी मी, बांगड्या वर सारून मनगटापर्यंत हात आत घातला. बोटांना काहीतरी गार, जिवंत लागलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. तरी धरलं. मुठीतलं ते वळवळत होतं, जगायला धडपडत होतं. हौदापाशी आले, जाळी शालननं उचलून धरली. मी डोळे घट्ट मिटले, तोंडानं शिवाचं नाव घेतलं आणि एक टाकलं. पाणी खळबळलं. मी डोळे उघडलेच नाहीत, दुसऱ्यासाठी तशीच हात पुढं करून उभी राहिले.

"वैनी," शालन हळूच म्हणाली, "डोळं मिटून नगा टाकू. अक्का बघून टाकायच्या."

मी डोळे उघडले. पाण्यात एक काळं तोंड वर येऊन थांबलं होतं. त्याच्याकडं बघत मी दुसरं टाकलं.